पाच लिटर पाण्यातला कृमी

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी. मासा मला ओळखू येतो तो ताटात पडल्यावर, तोही आईने नाव सांगितले तर. नॉर्वेत शिकत असताना एका संशोधन गटाची जाहिरात पाहिली. नदीच्या पाण्याच्या नमुन्यांतून आलेल्या आकड्यांचे विश्लेषण करायला त्यांना मदतनीस हवा होता. मी त्यातला ‘आकडे’ एवढाच शब्द वाचला आणि अर्ज ठोकून दिला. उबदार खोली, एक लॅपटॉप, कॉफीचे यंत्र जवळपास, असे काहीसे माझ्या डोक्यात होते. गटाच्या प्रमुख बाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, “तुझ्या बुटाचा नंबर किती?”

(त्या देशात प्राध्यापकांनाही नावाने हाक मारतात. मला ते शेवटपर्यंत जमले नाही, म्हणून इथेही बाईच.)

आकडे कुठून येतात हे ज्याने पाहिलेले नाही त्याने ते हाताळू नयेत, असा बाईंचा नियम होता. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी छातीपर्यंत येणारे रबरी बूट चढवून लिएर नदीत उभा होतो. ऑस्लोपासून चाळीसेक किलोमीटरवर ड्रामेन शहर आहे, त्याच्या शेजारच्या खोऱ्यातून ही छोटी नदी वाहते आणि ड्रामेनच्या फ्योर्डला मिळते. खोरे शेतीचे. दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरी, सफरचंद, भाजीपाला. नॉर्वेचे पाणी म्हणजे तळाचा गोटा दिसेल असे नितळ, ही माझी समजूत पर्यटन खात्याच्या चित्रांवर पोसलेली. लिएरचे पाणी चक्क मातकट होते. हे खोरे एकेकाळी समुद्राखाली होते, तेव्हा बसलेली चिकणमाती अजून नदीत उतरते, असे बाईंनी सांगितले. मी मान डोलावली. ही माती पुढे आपला किती छळ करणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

शोधायचे काय होते? गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस नावाचा एक चपटा कृमी. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो सॅल्मनच्या पिल्लांच्या कातडीवर आणि परांवर आकड्यांनी घट्ट बसतो आणि त्यांची त्वचा खातो. बाल्टिक समुद्राला मिळणाऱ्या नद्यांतले सॅल्मन त्याच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, त्यांना त्याचे फारसे काही वाटत नाही. नॉर्वेच्या अटलांटिक बाजूच्या सॅल्मनना मात्र तो नवा. १९७५ मध्ये तो नॉर्वेत पहिल्यांदा सापडला. मत्स्यबीज केंद्रांसाठी स्वीडनमधून आणलेल्या जिवंत माशांबरोबर तो आला आणि पुढे एका नदीतून दुसऱ्या नदीत जात पन्नासांच्या आसपास नद्यांत पोचला. लागण झालेल्या नदीत सॅल्मनची पिल्ले सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास कमी होतात. ड्रामेन आणि लिएर या नद्यांत तो १९८७ पासून ठाण मांडून आहे.

माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. अर्धा मिलिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक प्राणी, माशाच्या अंगावर चिकटलेला. मग आम्ही मासे सोडून बाटल्या का घेऊन आलो?

बाईंचे उत्तर ऐकताना मला ते थापच वाटले. नदीत जे जे राहते ते सतत काहीतरी पाण्यात सोडत असते. माशाचा बुळबुळीत स्राव, खवले, विष्ठा. कृमीच्या सुट्या पेशी, मेलेले कृमी, माशावरून निसटून वाहत चाललेले कृमी. या सगळ्यात त्या त्या प्राण्याचा डीएनए असतो. पाणी बारीक गाळणीतून गाळायचे, गाळणीवर अडकलेल्या गाळातून डीएनए वेगळा करायचा आणि त्यात आपल्याला हवा तो तुकडा आहे का, एवढेच विचारायचे. याला पर्यावरणीय डीएनए किंवा सुटसुटीतपणे ई-डीएनए म्हणतात. २००८ मध्ये फ्रान्समधल्या डबक्यांत अमेरिकी बुलफ्रॉग आहे की नाही हे नुसत्या पाण्यावरून ओळखून दाखवले गेले, तेव्हापासून या पद्धतीचा बोलबाला झाला. २०१८ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय पशुवैद्यक संस्थेतल्या संशोधकांनी हा कृमी आणि त्याचे यजमान मासे, दोन्ही पाण्यातून ओळखता येतात हे दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे थाप नव्हती. पण विश्वास बसायला मला वेळ लागला.

रविवारी आईचा फोन आला.

“मग, काय करतोस दिवसभर?”

“नदीचं पाणी गाळतो.”

“प्यायला?”

“नाही गं. त्यात माशावरचा किडा आहे का ते बघतो.”

“दिसतो?”

“दिसत नाही. मासाही दिसत नाही.”

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पगार देतात ना वेळेवर?”

आता या कामाचा जो भाग मला सर्वांत चक्रावून गेला, तो. आमच्या सांगलीच्या घरी आजीचे सोवळे होते. तिने काय नेसले आहे, कुणाला शिवायचे, कुठल्या भांड्याला कुणाचा हात लागलेला चालतो, याचे एक गणित होते आणि ते मोडले की सगळे पहिल्यापासून. लिएरच्या काठावर मला आजीच आठवली. नमुना घ्यायला नेहमी दोघे जायचे. एकाचे हात ‘स्वच्छ’, एकाचे ‘मळके’. गाळणी, चिमटा आणि नमुन्याची नळी यांना स्वच्छ हातवालाच शिवणार. पंप, बॅटरी, डबे हे मळक्याचे. प्रत्येक ठिकाणी हातमोजे नवे. खालून वर, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने जायचे, आणि पाणी घेताना आपण नळीच्या खालच्या अंगाला उभे राहायचे, म्हणजे आपल्या बुटांनी ढवळलेले नळीत जात नाही. एका जागेचे काम संपले की पंपाच्या नळ्यांतून दहा टक्क्यांचे ब्लीच, मग ते मारायला सोडियम थायोसल्फेट, आणि मगच पुढची जागा. ब्लीच का, तर ते डीएनए मोडून टाकते. नुसते धुऊन भागत नाही. धुतलेली नळी डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण मागच्या जागेचे चार तुकडे तिच्यात उरले तरी पुढची नदी नाहक बाधित ठरू शकते.

सोवळ्याचा कळस म्हणजे कोरा नमुना. प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी बाटलीत भरून नदीवर न्यायचे आणि तिथे, त्याच पंपाने, तसलीच नवी गाळणी लावून, तितक्याच गंभीरपणे ते गाळायचे. शेजारून अख्खी नदी वाहते आहे आणि मी बाटलीतले पाणी गाळत बसलो आहे, हे पाहून कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा थांबले. मळके हात माझे होते, त्यामुळे समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली. माझ्या तोडक्यामोडक्या नॉर्वेजियनमधून त्यांना काय कळले कोण जाणे. कोऱ्या नमुन्यात कृमीचा डीएनए निघाला तर त्या दिवसाच्या बाकीच्या नमुन्यांवर भरवसा ठेवता येत नाही, हा त्यातला अर्थ. ज्या नमुन्यात काहीही निघू नये अशी सगळ्यांची इच्छा असते, त्यावरच बाकी सगळे टिकून असते. संख्याशास्त्राच्या वर्गात आम्ही ‘नियंत्रण’ हा शब्द शेकडो वेळा गिरवला होता. तो थंड पाण्यात गुडघ्यापर्यंत उभे राहून कळतो हे कुणी सांगितले नव्हते.

मग चिकणमाती. गाळणी काचतंतूंची, ४७ मिलिमीटर व्यासाची, छिद्रे दोन मायक्रोमीटरची. एका नमुन्यासाठी पाच लिटर पाणी तिच्यातून जायला हवे. वरच्या जंगलातल्या ओहोळावर ते सुरळीत जाते. लिएरच्या खालच्या टप्प्यात, त्यातून रात्री पाऊस झालेला असेल तर, लिटर-दीड लिटरनंतरच धार बारीक होते, पंपाचा आवाज बदलतो आणि गाळणीवर तपकिरी लेप बसतो. जोर वाढवला तर गाळणी फाटते. मग तिची चिमट्याने घडी करून रसायनाच्या नळीत टाकायची, दुसरी लावायची, पाणी किती गेले ते लिहायचे. माझ्या तक्त्यात ‘गाळलेले पाणी’ हा एक निरुपद्रवी रकाना होता. तो रकाना म्हणजे काठावर उकिडवे बसून मोजपात्राकडे पाहत घालवलेली दुपार असते, हे आता मला पाठ आहे. दोन लिटरमध्ये काही न सापडणे आणि पाच लिटरमध्ये न सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यात दोन्हीपुढे शून्यच लिहिलेले असते.

प्रयोगशाळेत गेल्यावर वाटले, आता आपले राज्य. तिथेही सोवळे होतेच: डीएनए काढण्याची खोली वेगळी, चाचणीचे मिश्रण बनवण्याची वेगळी, यंत्राची वेगळी, आणि यंत्राच्या खोलीतून त्या दिवशी परत मिश्रणाच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. पण निदान शेवटी आकडा मिळणार होता. मिळालाही. ३१. शेजारच्या खान्यात ३८. मी मनात म्हटले, ३८ वाला जास्त बाधित.

बरोबर उलटे. पीसीआर यंत्र डीएनएच्या तुकड्याच्या दर फेरीला दुप्पट प्रती करते आणि त्या प्रतींबरोबर एक चमक वाढत जाते. चमक ठरावीक रेषा ओलांडेपर्यंत किती फेऱ्या लागल्या, तो हा आकडा. मुळात डीएनए भरपूर असेल तर फेऱ्या कमी लागतात. म्हणजे आकडा लहान तितका किडा जास्त, आणि ३८ म्हणजे नमुन्यात कसेबसे एखाद-दोन तुकडे. या शेवटच्या टोकाला तर एकाच नमुन्याच्या चार खान्यांपैकी एक चमकतो आणि तीन गप्प राहतात. होय म्हणायचे की नाही? मी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, “त्यासाठीच तर तुला घेतलं.”

त्याहून वरताण झाली ती एका नमुन्यात. चारही खाने काळे, काहीच नाही. तंत्रज्ञ म्हणाला, आता याला दहापट पातळ करून पाहू. मी म्हटले, अरे, आधीच काही नाही, त्यात आणखी पाणी? पातळ केल्यावर तोच नमुना चमकला. जंगलातून, दलदलीतून येणाऱ्या पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची आम्ले असतात, ती डीएनएबरोबर येतात आणि पीसीआरचे विकर बंद पाडतात. पातळ केल्यावर त्यांचा जोर ओसरतो. सगळे ठीक असेल तर दहापट पातळ नमुन्याला साधारण ३.३ फेऱ्या जास्त लागाव्यात, कारण तेवढ्या दुपटींत दहापट होते. लागल्या नाहीत तर समजायचे, मूळ नमुन्यात कुणीतरी अडवत होते. हा ३.३ मला एकदम आपल्या गावचा माणूस भेटावा तसा वाटला. सगळ्या उन्हाळ्यात कुणी न सांगता कळलेली ती पहिली गोष्ट.

पण हा कृमी असतो तरी कसा? आकडे पाहून पाहून मला तो खरोखरचा प्राणी आहे हेच विसरायला झाले होते. तेव्हा बाईंनी जुन्या पद्धतीचे काम चाललेल्या टेबलापाशी नेले. जुनी पद्धत म्हणजे पाठीवर यंत्र बांधून नदीत विजेचा सौम्य झटका द्यायचा, सॅल्मनची बोटभर पिल्ले गुंगली की जाळीने उचलायची, मारून अल्कोहोलमध्ये ठेवायची आणि एकेक पर सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. नियमित तपासणीत एका नदीतून साधारण तीस पिल्ले. भिंगाखाली छातीचा पर पंख्यासारखा पसरलेला होता आणि त्याच्या कडेला काचेचा वाटावा असा एक इवला दोरा तिरपा चिकटलेला. मागच्या टोकाला चकती, तिच्यात दोन मोठे आकडे, कडेने बारीक सोळा. भिंग वाढवल्यावर पोटात आणखी दोन आकडे दिसले. मला वाटले, दुसरा कृमी खाली दडपला आहे. नाही; ती त्याची पोटातली मुलगी. आणि तिच्याही पोटात पुढची पिढी घडायला लागलेली असते. हा प्राणी अंडी घालत नाही, जवळजवळ पूर्ण वाढलेले पोर जन्माला घालतो, आणि ते पोर आईशेजारीच त्याच माशाला आकडे रोवते. जोडीदाराची वाट पाहायची गरज नाही, मधला यजमान नाही. एक कृमी नव्या नदीत पोचला तर तेवढा पुरतो, या वाक्याचा अर्थ मला त्या भिंगातून कळला.

आता कुणी म्हणेल, दिसतोय ना माशावर, मग पाण्याच्या भानगडीत कशाला पडता? कारण ज्या नद्यांत ही तपासणी सर्वांत जास्त हवी, तिथे पिल्ले सर्वांत कमी असतात. नॉर्वेत बाधित नदी साफ करायची रीत भयंकर आहे. सॅल्मन नाही तर कृमी नाही, या हिशोबाने नदीत रोटेनोन हे वनस्पतीजन्य विष सोडून मासेच मारतात. (आपल्याकडे ओढ्यात रामेठ्याची साल कुटून टाकतात आणि मासे वर येतात, ते आठवले, फक्त इथे ते सरकार करते, संपूर्ण नदीला.) त्या नदीच्या सॅल्मनचा वंश आधी जनुक-पेढीत जपून ठेवलेला असतो, त्यातून पुन्हा पिल्ले सोडतात. लेर्दाल नदीत आम्ल आणि ॲल्युमिनियम वापरून कृमी तेवढा मारायची पद्धत वापरली आणि २०१७ मध्ये ती नदी मुक्त जाहीर झाली. द्रिवा नदीत आधी बंधारा बांधून सॅल्मनची वरची वाट रोखली आणि २०२२ व २०२३ मध्ये क्लोरीनचे उपचार केले. उपचारानंतर नदी मुक्त म्हणायला निदान पाच वर्षे लक्ष ठेवावे लागते. एवढे करून परत आणलेली पिल्ले नुसत्या तपासणीसाठी मारायची, हे कुणालाच बरे वाटत नाही. पाणी गाळायला मासा मरत नाही. ई-डीएनएच्या बाजूने याहून मोठा मुद्दा मला कुणी सांगितला नाही आणि मला दुसरा लागलाही नाही.

तरीही ई-डीएनए आले की मासे तपासणे बंद, असे म्हणणारे लोक भेटले की मी सावध होतो. तीन गोष्टींनी माझी झोप उडवली होती. पहिली, पाणी वाहते. स्वित्झर्लंडमधल्या ग्लाट नदीत तळ्यातल्या डॅफ्निया नावाच्या इवल्या जलचराचा डीएनए तळ्यापासून बारा किलोमीटर खाली सापडला होता. तेव्हा पुलाखालचा नमुना चमकला तर किडा पुलाखालीच आहे असे नाही, वरच्या कुठल्याही वळणावर असेल. दुसरी, डीएनए जिवंत की मेलेला हे सांगत नाही. उपचारानंतर लगेच नमुना घेतलात तर मेलेल्यांची हजेरी लागते. तिसरी सर्वांत चावट. ग्रेलिंग नावाच्या माशावर याच कृमीचा सख्खा भाऊबंद असतो, जो सॅल्मनला काही करत नाही. चाचणीत डीएनएचा जो तुकडा पाहतात, तो दोघांचा सारखाच. म्हणजे ग्रेलिंग असलेल्या नदीत यंत्र चमकले तर ते कोणामुळे, हे पाण्यावरून कळत नाही. मासा पकडून, कृमी काढून, त्याच्या मायटोकाँड्रियाचा डीएनए वाचावा लागतो. एवढ्या नाजूक होकारावर कुणी नदीत विष ओतायला निघणार नाही, आणि निघूही नये.

नकाराचे काय? तिथे अखेर माझा उपयोग झाला. आम्ही जे प्रारूप वापरले त्यात तीन प्रश्न एकाखाली एक असतात: किडा या जागी आहे का, असेल तर त्याचा डीएनए या पाच लिटरांत आला का, आला असेल तर या खान्यात तो चमकला का. तिन्ही पायऱ्यांवर हुकण्याची शक्यता वेगवेगळी. समजा एका नमुन्यात सापडण्याची शक्यता निम्मी आहे. मग किडा असूनही ओळीने तीन नमुने कोरे येण्याची शक्यता साडेबारा टक्के उरते. एक कोरा नमुना पाहून ‘नदी स्वच्छ’ म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा. मी दाखवतो, त्यामुळे बैठकांत माझ्याशेजारी कुणी बसत नाही.

माझे मत विचाराल तर ई-डीएनए हा पहारेकरी म्हणून उत्तम आहे, न्यायाधीश म्हणून नाही. दूरच्या, मासे कमी असलेल्या, वर्षात अनेकदा पाहाव्या लागणाऱ्या नद्यांवर तोच नजर ठेवू शकेल. त्याने शिट्टी वाजवली की मात्र माणसाने बूट घालून नदीत उतरायचे, मासा हातात घ्यायचा आणि भिंगातून पाहायचे.

आणि बुटांवरून एक सांगायचे राहिले. आम्ही बूट निर्जंतुक करत होतो ते डीएनए इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून, पण त्याच ओल्या बुटावरून, जाळीतून किंवा डब्यात उरलेल्या पाण्यातून जिवंत कृमीही जाऊ शकतो. माशाशिवाय तो ओलाव्यात काही दिवस तग धरतो. कोरडे पडले की मरतो. आता मराठी मंडळी नॉर्वेला हौसेने जातात, हॉटेलवाले गळ आणि बूट भाड्याने देतात, आज ही नदी आणि उद्या ती असा कार्यक्रम असतो. नद्यांकाठी पाट्या असतात आणि निर्जंतुकीकरणाची केंद्रेही. पाटी वाचा. गळ, दोरी, जाळी, बूट पूर्ण वाळवल्याशिवाय किंवा निर्जंतुक करून घेतल्याशिवाय दुसऱ्या नदीत पाय घालू नका, आणि एका नदीचे पाणी किंवा मासा दुसरीत ओतू नका.